दाढीची रेष दर वेळी वर का सरकते? वस्तरा निवडतानाच होणारा घोळ

तक्रार एकच, माणसं फक्त बदलतात. घरी वस्तरा आणला, पहिल्या वेळी दाढी झकास कोरली गेली. पुढच्या वेळी डावीकडची रेष जरा वर गेली, म्हणून उजवीकडची तेवढीच वर घेतली. उजवी अंमळ जास्त झाली, म्हणून परत डावी. असं करत महिन्याभरात भरघोस दाढीची जबड्याच्या कडेला चिकटलेली पट्टी उरते, गळ्यावर लाल पुरळ उठतं आणि गडी आमच्या खुर्चीत येऊन म्हणतो, "जरा सेट करून द्या की." सेट करायला काय उरलंय, ते त्याला आरशातच दाखवावं लागतं.

कोल्हापुरात सलून चालवणाऱ्या कुणालाही विचारा, शिवजयंतीच्या आधी असे लोक हमखास येतात. मोबाईलवर बघून वस्तरा मागवलेला, खिशात टोकदार दाढीचा फोटो. बऱ्याच जणांचा हात वाईट नसतो. वस्तराच भलत्या कामाचा असतो.

पूर्ण गुळगुळीत दाढी करायला जो वस्तरा चांगला, तो कोरायलाही चांगला असेलच असं नाही. गुळगुळीत दाढीत पातं कुठं थांबतंय याला काही किंमत नसते, सगळेच केस जाणार असतात. कोरताना मात्र धार नेमकी कुठं टेकली हे डोळ्याला दिसलं पाहिजे आणि ती तिथंच थांबली पाहिजे. दुकानात उभं राहून एवढंच तपासायचं. मुठीचं लाकूड, नक्षी, मखमली पेटी, हे सगळं नंतर.

बिघाड कशाचा, ते आधी बघा

वस्तरा बदलण्याआधी त्रास नेमका कुठला, ते ओळखा. टेकवल्या टेकवल्या कानाच्या पाळीखाली किंवा ओठाच्या कोपऱ्यात बारीक चिरतं, म्हणजे पात्याचं टोक उघडं आहे. केस कापले न जाता ओढले जातात, तेव्हा धार गेलेली असते किंवा केस पुरते भिजलेले नसतात. दाढी झाल्यावर पाच-दहा मिनिटांत गळा लालेलाल होऊन चुरचुरतो, तेव्हा पातं फार उभं धरलंय किंवा दाबलंय. आणि त्या दिवशी सगळं ठीक, पण एक-दोन दिवसांनी जबड्याखाली फोड्या येतात, तर तो वेगळा विषय, त्यावर पुढं सविस्तर बोलू.

रेष सरकत असेल तर मात्र धारेला दोष देऊ नका. तुम्हाला धार दिसतच नाहीये.

का दिसत नाही?

बाजारात ब्लेड बदलायचे जे वस्तरे मिळतात, त्यांत ब्लेड धरणारा पुढचा भाग, म्हणजे डोकं, कधी बारीक असतं, कधी चांगलं रुंद. रुंद आणि गोलसर डोकं हातात छान बसतं, सुरक्षितही वाटतं. पण गालावर टेकवलं की त्याच्याखाली रेषच झाकली जाते. मग माणूस अंदाजानं टेकवतो आणि अंदाज नेहमी दाढीच्या बाजूला झुकतो, कारण केस राहिलेला दिसला की हात पुढं जातो. तिकडून मागं यायची सोय नाही.

भर म्हणून फेस. जाहिरातीतल्यासारखा बोटभर जाड फेस लावला की रेष त्याखाली गडप. सलूनमध्ये कोरायच्या वेळी आम्ही फेस लावतच नाही, पाण्याचा फवारा आणि पातळसं पारदर्शक जेल. घरी जेल नसेल तर तेलाचे दोन थेंब पाण्यात चोळून लावा, खोबरेलही चालतं. फक्त तेलावर केस पात्याला चिकटून बसतात, म्हणून दर दोन-तीन हातांनंतर पातं पाण्यात धुवायचं.

म्हणून घेताना बघायचं ते असं. डोकं बारीक हवं. ब्लेड आत बसवल्यावर धार बाहेर येते ती मिलिमीटरभर, फार तर थोडी जास्त. त्याहून कमी असेल तर धारेआधी डोकंच कातडीला टेकतं आणि रेष दिसत नाही. त्याहून फार जास्त असेल तर नवख्या हाताला ते धोक्याचं. डोक्याची पुढची कड गोल असावी, ब्लेडचं टोक आत झाकलेलं असावं. चौकोनी टोकाचा वस्तरा मिशीखाली आणि खालच्या ओठाच्या कडेला भारी चालतो, आमच्या कारागिरांच्या हातात तोच असतो. पण त्यांचा हात दिवसभर तेच करतो. तुम्ही आठवड्यातून एकदा करणार.

आणि वजन. हलका पत्र्याचा वस्तरा हातात घेतला की आपोआप दाब पडतो. थोडा जड घ्या, म्हणजे पातं स्वतःच्या वजनानं टेकतं आणि हाताला फक्त दिशा द्यावी लागते. मुठीचा खिळा ढिला आहे का, ते उघडझाप करून बघा. मूठ लटपटत असेल तर पैसे परत घ्या. खिळा ठोकून घट्ट होतो असं दुकानदार म्हणेल, पण ठोकलेला खिळा पुन्हा ढिला होतो, तोही दाढी चालू असताना.

ब्लेडचा प्रश्न बरेच जण विसरतात. तीन घराणी आहेत. एक, नेहमीचं दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं लावायचं. हे ब्लेड कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. दुसरं, साधारण ६ सेंटीमीटर लांबीचं एकधारी ब्लेड, जे केस कापायच्या रेझरला लागतं. तिसरं, जपानी पद्धतीच्या वस्तऱ्यांचं स्वतंत्र जाड ब्लेड. हे तिसरं खरं सांगायचं तर सगळ्यात मखमली. दुधारी ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं, ते जपानी ब्लेड त्याच्या दुपटीहून जाड, त्यामुळं वाकत नाही, थरथरत नाही. पण ते ब्लेड मागवावं लागतं, येईपर्यंत जुन्यावरच भागवलं जातं आणि तिथं पुरळाला निमंत्रण. माझं मत विचाराल तर पहिल्या घराण्यातला, बारीक गोल डोक्याचा वस्तरा घ्या. दोन-तीनशे रुपयांपासून बरे मिळतात. ब्लेड स्वस्त असलं की माणूस ते फेकताना कचरत नाही.

ब्लेड बसलंय की नुसतं अडकलंय?

चांगला वस्तरा असूनही दर वेळी एकाच जागी कापत असेल तर हे तपासा. ब्लेड कागदातून न काढता लांबीच्या बाजूनं हलकं वाकवा, मधोमध टक्कन मोडतं. कागद काढून अर्धं ब्लेड खाचेत सरकवा. आता वस्तरा खिडकीच्या उजेडासमोर आडवा धरा. धार आणि डोक्याची कड यांच्यामध्ये जी चकचकीत पट्टी दिसते, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची हवी. एका बाजूला केसभर जरी जास्त दिसली, तरी ते टोक आधी टेकणार आणि तिथंच चिरणार. ब्लेड काढा, खाचेतला जुना साबण आणि केस टूथब्रशनं काढा, परत बसवा. दहापैकी आठ वेळा खाचेत साचलेला साबणच निघतो. तरीही तिरकंच बसत असेल तर पत्रा वाकलेला आहे, त्यावर इलाज नाही.

लॉक लावल्यावर ब्लेडच्या धारेला नव्हे, बाजूच्या कडेला नखानं हलकंच ढकलून बघा. सरकलं तर तो वस्तरा गळ्याला लावायचा नाही.

रेष जागेवर ठेवायची कशी

आता हत्यार बरं आहे असं धरू. तरी रेष सरकू शकते, आणि त्याचं कारण मान.

लोक हनुवटी वर करतात, गळा ताणतात आणि त्याच अवस्थेत रेष ठरवतात. गळ्याची कातडी तेव्हा ओढलेली असते. मान सरळ केली की कातडी आपल्या जागी येते आणि रेष भलतीकडं गेलेली दिसते. म्हणून रेष ठरवायची मान सरळ ठेवून, आणि वस्तरा चालवायचा मान वर करून. कंठमण्याच्या वर दोन बोटं ठेवा, तिथं एक ठिपका. दोन्ही बाजूंना जबडा कानाकडं वळतो त्या कोपऱ्याच्या किंचित खाली एकेक ठिपका. पांढरी आयब्रो पेन्सिल मिळते, ती केसांतही दिसते आणि पाण्यानं लगेच जात नाही. घरातल्या बाईमाणसाची न विचारता घेऊ नका, वेगळी भानगड होईल. तीन ठिपके जोडणारी सौम्य वाटी काढा. तिची उंची पुढच्या वेळी बदलायची नाही. डावी-उजवी जुळवायची ती ठिपक्यांवरून, केसांवरून नव्हे.

मग ट्रिमर. होय, वस्तऱ्याआधी ट्रिमर. रेषेच्या बाहेरचे केस ट्रिमरनं झिरोवर काढा, पण रेषेला लागून एक बारीक किनार सोडा. वस्तऱ्याला तेवढंच काम. अख्खा गळा वस्तऱ्यानं करायच्या नादात निम्मे लोक पुरळ ओढवून घेतात. रेषेलगतची बोटभर पट्टी गुळगुळीत असली की दाढी कोरीव दिसते. त्याच्या खाली ट्रिमरचे खुंट आहेत हे कुणाच्याही लक्षात येत नाही.

गळ्यावर सोपं आहे: धार रेषेवर टेकवायची आणि दाढीपासून लांब, खाली ओढायची. पातं आधी कातडीला चापट टेकवा आणि मग पाठ, म्हणजे धारेच्या उलट बाजूची कड, उचला, साधारण ३० अंशांपर्यंत. हात छोटे, एकेक सेंटीमीटरचे. दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी खालून हलकी ताणलेली असावी. गळ्यावरच्या केसांची दिशा मात्र आधी बोट फिरवून बघा. जबड्याखाली बऱ्याच जणांचे केस वर किंवा आडवे उगवलेले असतात आणि तिथं खाली ओढणं म्हणजे उलटा, केसांच्या विरुद्ध दिशेचा हात होतो. तिथं आडवा हात घ्या.

गालावर खरी गंमत आहे. गालाचे केस खाली वाढतात, आणि दाढी असते रेषेच्या खाली. म्हणजे केसांच्या दिशेनं हात मारला तर पातं थेट दाढीत घुसतं. रेष सरकायची दुसरी मोठी जागा हीच. यावर दोन मार्ग. वरून खाली येताना रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर आधीच थांबायचं, आणि उरलेली किनार धार रेषेवर ठेवून अगदी हलक्या, छोट्या उलट्या हातानं वर काढायची. नाहीतर ती किनार ट्रिमरच्या कोपऱ्यानंच साफ करायची. ज्यांना पुरळ येतं त्यांनी दुसरा मार्ग घ्यावा. आणि गालाची रेष मुळात जितकी नैसर्गिक ठेवाल तितकी कमी कोरावी लागते. कल्ल्यापासून मिशीच्या टोकापर्यंत पट्टीनं आखल्यासारखी रेष फोटोत दिसते छान, पण तीन दिवसांत लव उगवली की मळकट वाटते.

डावी बाजूच का बिघडते? उजव्या हातानं डाव्या गालाकडं जाताना आपलाच पंजा आरशाच्या आड येतो. मूठ फार लांब असेल तर ती खांद्याला किंवा आरशाला अडते आणि मनगट वाकडं होतं. घडीच्या वस्तऱ्यात मूठ वर दुमडून, तीन बोटं पातं आणि मूठ यांमधल्या देठावर, अंगठा खालून आणि करंगळी मागच्या शेपटीवर, अशी पकड घेतली तर पंजा बाजूला राहतो. न मिटणारे, सरळ दांड्याचे जपानी धाटणीचे वस्तरे स्वतःची दाढी कोरणाऱ्याला याच कारणानं सोपे जातात. दिव्याचंही बघा. आरशावरच्या ट्यूबलाइटची जबड्याखाली सावली पडते. मोबाईलचा टॉर्च बेसिनवर उताणा ठेवा, गळा उजळतो.

दोन दिवसांनी येणाऱ्या फोड्या

हे वस्तऱ्यानं भाजल्यासारखं होणं नव्हे. कुरळा, राठ केस कातडीच्या पातळीला किंवा त्याच्या खाली तिरका कापला गेला की वाढताना वळून परत कातडीत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखं समजतं आणि तिथं फोडी येते. डॉक्टरी भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. जवळून बघितलं तर काही फोड्यांत केसाचा वळसा दिसतो.

वस्तरा जितका चांगला, तितका हा त्रास जास्त, हे लोकांना पटत नाही. महागडं ब्लेड, ताणलेली कातडी, उलटा हात, त्यावर आणखी एक उलटा हात: केस कातडीच्या आत जातो आणि तिथूनच वाट शोधतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी तीन-चार आठवडे गळ्याला पातं लावू नये, ट्रिमरनं मिलिमीटरभर खुंट ठेवावेत. फोड्या बसल्या की मग परत सुरू करताना कातडी कमी ताणायची, केसांच्या दिशेनं एकच हात, आणि तोही रेषेपुरताच. आत शिरलेला केस सुईनं उकरायचा नाही, काळा डाग राहतो. पू होत असेल, किंवा गोल चट्टा पसरत जाऊन खाजत असेल, तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा. कोल्हापुरातल्या सरकारी सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीतही दाखवता येतं. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब लावू नका. नायट्यावर स्टेरॉइडचं मलम लावलं की तो दबतो आणि मग दुप्पट पसरतो.

इथलीच एक गोष्ट. तालमीत जाणारी पोरं सकाळी दाढी कोरून थेट आखाड्यात उतरतात. ताज्या कोरलेल्या गळ्यावर तांबडी माती, घाम आणि समोरच्याचं मनगट घासलं की दोन दिवसांत बारीक पुटकुळ्या. ब्लेड बदलून, क्रीम बदलून काही होत नाही. दाढी कसरतीनंतर, आंघोळ झाल्यावर कोरा. जोतिबाला जायच्या सकाळीही कोरू नका. गुलाल गळ्यावर बसला की जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीच्या पायऱ्यांवरच चुरचुर सुरू होते. आदल्या दिवशी उरकून घ्या.

दाढीनंतर गार पाणी, मग तुरटीचा ओला खडा एकदा फिरवा, अर्ध्या मिनिटानं धुवून टाका. बारीक चिरेतलं रक्त थांबतं. तुरटी जिथं जास्त झोंबते तिथं तुमचा हात जास्त दाबला गेलाय, हे फुकटचं निदान.

आजोबांचा वस्तरा कोरायला चालेल का?

ब्लेड न बदलणारा, एकसंध पोलादी वस्तरा वापरायची हौस असेल तर जरूर वापरा, पण केवळ दाढी कोरण्यासाठी घेऊ नका. जर्मनीतलं झोलिंगन, फ्रान्समधलं तिएर, इंग्लंडमधलं शेफिल्ड ही या वस्तऱ्यांची गाजलेली गावं. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात: ४/८, ५/८, ६/८ असं. कोरायला ४/८ किंवा ५/८ बरा, ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. रुंद पातं फेस जास्त उचलतं, पूर्ण दाढीला मस्त, पण नाकाखाली वळत नाही. टोक गोल घ्या.

इथं नडतं ते धार राखणं. प्रत्येक दाढीआधी पातं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावं लागतं, पाठ पुढं आणि धार मागं, आणि वळवताना पाठीवर वळवायचं, धारेवर नाही. पट्ट्यासाठी आपल्याकडं कोल्हापुरी चपलेचं चामडं आहेच असं सगळ्यांना सुचतं. जाडी आणि कमावणं चांगलं असतं, पण पृष्ठभाग गुळगुळीत आणि एकसारखा हवा. शिवण, ठसे, गाठी असलेला तुकडा धारेचं वाटोळं करतो. काही महिन्यांनी दगडावर धार काढावी लागते, आणि वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवून ती काढतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरूनच धारेचा कोन ठरतो. म्हणून सायकलचं चाक फिरवत सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याकडं असा वस्तरा कधीही देऊ नका. चाकाच्या घर्षणानं पोलाद तापतं, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, आणि तो वस्तरा मग भेंडीही धड कापत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या, लाटालाटांच्या पात्याच्या, पितळी नक्षीच्या स्वस्त वस्तऱ्यांत बऱ्याचदा दाढीची धारच नसते. पाठ एका जागी जाड, एका जागी पातळ असते, त्यामुळं ती दगडावर काढताही येत नाही. भिंतीवर टांगायला उत्तम.

कोल्हापूरचा पाऊस कार्बन पोलादाचा वैरी आहे. जूनपासून पुढं बाथरूममध्ये ठेवलेल्या पात्यावर रात्रीत गंजाचे ठिपके पडतात, आणि धारेवर ठिपका पडला की ती केस कापायच्या ऐवजी ओढायला लागते. कोरडं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि कपाटात ठेवा. ब्लेड बदलायच्या वस्तऱ्यातही ब्लेड आत ठेवून मिटू नका. डोक्याची खाच आतून गंजते आणि मग वर सांगितलेली तिरक्या ब्लेडची कटकट सुरू होते.

अर्धं ब्लेड एकदाच वापरा. घरातल्या दोघांनी एक वस्तरा वापरला तरी ब्लेड वेगळं आणि डोकं स्पिरिटनं पुसलेलं. हिपॅटायटिस बी रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही जातो. सलूनमध्येही नवीन ब्लेड तुमच्यासमोर फोडायला सांगा, चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही. वापरलेली ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि डबा भरला की चिकटपट्टी लावून, वर 'ब्लेड' असं ठळक लिहून वेगळा द्या. सुटं ब्लेड ओल्या कचऱ्यात गेलं की ते घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात रुततं.